आबांचा टॉर्क

९ फेब्रुवारी

कंपनीत गेल्या महिन्यात क्वालिटीचं ट्रेनिंग झालं. शिकवायला आलेले साहेब म्हणाले, ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही. मला हे फार पटलं. रांजणगावच्या शेडमध्ये मी दिवसभर दुसऱ्यांच्या मालाच्या नोंदी ठेवतो आणि घरच्या एवढ्या मोठ्या प्रश्नाची कुठे ओळसुद्धा नाही. म्हणून आजपासून ही वही. ती ज्वारीच्या कोठीत ठेवणार आहे. सुलक्षणा रोज तिथून दळणाला ज्वारी काढते, पण माझी बायको दुसऱ्याचं लिहिलेलं वाचणाऱ्यातली नाही.

प्रश्न असा. आबांचा उजवा गुडघा गेला. आज त्यांना दौंडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही, काही ओढायचं नाही. आबा म्हणाले, "वर्सातनं एकडाव वढलं तर?" डॉक्टरांनी विचारलं, काय ओढायचंय. आबा म्हणाले, "बारा गाडं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आमच्या बाभूळओढ्याला चैत्रात भैरवनाथाची यात्रा असते. बारा बैलगाड्या, बैल सोडून, साखळीने एकामागे एक बांधायच्या. त्यात गावची पोरंबाळं आणि म्हातारीकोतारी बसतात. अंगाला हळद लावलेला मानकरी खांद्यावर दोर घेतो आणि एकटा ते बारा गाडे वेशीपासून देवळाच्या पायरीपर्यंत ओढत नेतो. हा मान आमच्या घराचा. पणजोबांनी ओढले, आजोबांनी ओढले, आता आबा ओढतात. नियम दोनच. गाडे वाटेत थांबले तर मान भावकीतल्या पुढच्या घराकडे जातो, म्हणजे सोपानकाकांकडे. आणि मानकऱ्यानं, त्याच्या घरच्या पुरुषांनी गाड्यांच्या पुढे चालायचं, देवळापर्यंत मागं वळून बघायचं नाही. मी पाच वर्षांचा असल्यापासून आबांच्या पुढे निशाण घेऊन चालतो. आजवर एकदाही मागं बघितलेलं नाही.

मान गेला तरी आबा जगतील. पण कसे जगतील, ते मला बघवणार नाही. मला भीती वाटते आहे, हे इथं लिहून ठेवतो.

१२ फेब्रुवारी

उपाय सुचला. आपली जुनी जीप.

बारा गाड्यांतला पहिला गाडा आमच्या घरचा असतो आणि त्याची साटी, म्हणजे बसायचा सांगाडा, यंदा वाळवीनं खाल्ला आहे. जीपचं टप काढायचं, भोवती गाड्याची लाकडी चौकट बांधायची, लाकडी चाकं नुसती शोभेला टांगायची, वरून ताडपत्री आणि झेंडूच्या माळा. आत मी. पुढं आबा दोर धरून चालतील आणि मी त्यांच्या मागे आबांच्याच चालीनं गाडे नेईन. हलगी, ताशा आणि डीजेपुढं इंजिन कोणाला ऐकू येत नाही.

ह्यात फसवणूक आहे का, ह्याचा जेवताना विचार केला. नाही. आबांचं सत्त्व होतं तेवढंच आहे, फक्त गुडघा कमी पडतोय. गुडघ्यापुरतंच इंजिन. नाथसाहेब समजून घेतील.

सुलक्षणाला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही कवा गाडं मागनं बघितल्यात का?" मी म्हटलं, मागं बघायचं नसतं हा नियमच आहे. ती म्हणाली, "ते खरं. आम्ही बायका मागनं चालतो म्हणून विचारलं." ती राहू गावची. तिकडे असला मान नाही, त्यामुळे तिला ह्यातलं गांभीर्य कळत नाही.

१६ फेब्रुवारी

पहिला प्रश्न, जीपमध्ये जोर किती हवा. उत्तर सोपं आहे. आबांइतका हवा.

बारा गाड्यांचं वजन, त्यात बसलेली माणसं, वेशीजवळचा चढ, मातीतलं घर्षण, सगळं धरून आबा दरवर्षी किती जोर लावतात ते काढलं. दोनदा काढलं, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही. आबांचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, आमच्या जीपच्या इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट आहे. हा माणूस मला लहानपणी कडेवर घेऊन जत्रेत फिरवायचा.

तरी खात्री म्हणून कंपनीतून ताणकाटा आणला. त्याचं एक टोक गोठ्याच्या खांबाला बांधलं, दुसरं आबांच्या हातात दिलं आणि गंमत म्हणून ओढायला सांगितलं. काटा जेमतेम हलला. आमच्या म्हशीनं त्याहून जास्त ओढलं. आबा म्हणाले, "कशापायी चाललंय हे?" मी म्हटलं, कंपनीचा काटा बिघडलाय का ते बघतोय.

निष्कर्ष: सत्त्व यात्रेच्या दिवशीच येतं. एरवीचं मोजमाप ग्राह्य धरू नये.

२ मार्च

जीप यवतला सम्राटच्या गॅरेजमध्ये नेली. सम्राट वयानं माझ्याएवढाच, पण डिझेल इंजिनाचा जोर वाढवण्यात त्याचं नाव थेट पाटसपर्यंत आहे. मी त्याला म्हटलं, टॉर्क दुप्पट करून दे. तो म्हणाला, "शर्यतीला उतरायचंय का दादा?" मी म्हटलं, नाही, माणसाच्या चालीनं चालवायचंय, आणि माणूस गुडघ्यानं अधू आहे. त्यानं चहा मागवला आणि मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

मोठा टर्बो बसवला, पंप वाढवला, सायलेन्सर बदलला. इंजिन सुरू केलं तर समोरच्या ढाब्यावरच्या माणसांनी ताटं धरली. मला फार बरं वाटलं. बरोबर आबांचा आवाज आला असं वाटलं, ते संतापल्यावर येतो तसा.

पण जीप हलली नाही. इंजिन ओरडतंय, गाडी जागेवर, आणि खालून जळका वास. सम्राट म्हणाला, "क्लच घसरतोय. जुनी प्लेट हाय, ती जुन्या इंजिनाच्या जोराची. तुमच्या आबाचा जोर तिला झेपायचा न्हाई."

म्हणजे इंजिन झालं, आता क्लच निवडायचा.

५ मार्च

घरी सगळ्यांना क्लच समजावून सांगितला. आबा बाजेवर होते, सुलक्षणा मेथी निवडत होती. मी दोन ताटल्या घेतल्या. एक ताटली इंजिनाची, ती फिरतच असते. दुसरी चाकांच्या बाजूची. दोन्ही एकमेकींवर दाबल्या की जोर पलीकडे जातो, पायानं पेडल दाबलं की ताटल्या सुटतात. हळू चालायचं तर दोन्ही थोड्या चिकटवून, थोड्या घसरवून ठेवायच्या. ह्याला हाफ क्लच म्हणतात. पेच इथंच आहे. जी प्लेट मोठा जोर धरते, तिला हाफ क्लच जमत नाही, ती एकदम धरते आणि गाडी उडी मारते. जिला हाफ क्लच जमतो, ती मोठा जोर धरत नाही, जळते. आणि मला दोन्ही पाहिजे. बारा गाड्यांचा जोर आणि आबांच्या गुडघ्याची चाल.

आबा म्हणाले, "संसारात बी असंच असतं," आणि कूस बदलली.

सुलक्षणानं मात्र नीट विचारलं. "ताटलीतनं जोर कुठं जातो?" मी म्हटलं, गिअर बॉक्समध्ये, तिथून जीपच्या पोटाखाली एक लांब शाफ्ट आहे, दांड्यासारखा, तो मागची चाकं फिरवतो. ती म्हणाली, "आन् तो दांडा काढून ठेवला तर?" मी म्हटलं, मग काय, इंजिन कितीही ओरडलं तरी चाकाला कळणारसुद्धा नाही. तिनं मान हलवली. लग्नाला अकरा वर्षं झाली, पहिल्यांदा तिनं माझ्या विषयात रस घेतला. मला आनंद झाला.

१६ मार्च

सिरॅमिकच्या बटणांची प्लेट आली. शर्यतीच्या गाड्यांना वापरतात ती. भाकरीवर लाडू ठेवावेत तशी बटणं असतात. सम्राट म्हणाला, ही धरील, पण अशी धरील की सोडायची नाही. मी म्हटलं, टेस्ट केल्याशिवाय मी कुठलाच माल नाकारत नाही.

टेस्ट आमच्या उसाच्या रिकाम्या रानात घेतली. जीपच्या मागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडल्या, त्यात वीट भरली. पुढे आबांच्या जागी कोण उभं करायचं? माणूस उभा करणं सुरक्षिततेच्या नियमात बसत नाही. म्हणून बुजगावणं केलं. आबांच्या उंचीचं, आबांचं जुनं धोतर नेसवलं, मुंडासं बांधलं, खांद्यावर दोर दिला आणि लांब काठीवर ते पुढे चालवायला सम्राटला सांगितलं.

पेडल जेमतेम सोडलं. जीपनं जी उडी मारली, ती थेट बांधापलीकडे गेली. एक ट्रॉली सुटली, विटा सांडल्या, सम्राट उसाच्या पाचटात. जीप थांबवून खाली उतरलो तर धोतर पुढच्या चाकाखाली होतं आणि मुंडासं बरंच लांब.

सुलक्षणा डबा घेऊन आली होती. ती बांधावर उभी होती. तिनं चाकाखालचं धोतर दोन्ही हातांनी ओढून काढलं, झटकलं, घडी घातली. मग आबा काठी टेकत आले, धोतराकडे बघितलं आणि म्हणाले, "माझं हाय का हे?"

आता आबांपासून लपवण्यात अर्थ नव्हता. सगळं सांगितलं. आबा बांधावर बसले. मग म्हणाले, "काय करायचं ते कर. दोर माझ्या खांद्यावर राहू दे म्हंजी झालं."

सिरॅमिक प्लेट: नापास.

१७ मार्च

सुलक्षणा आज दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दळण करून आली, कोठी जोरात लावली, एवढंच.

२३ मार्च

तिसरा मार्ग सापडला. प्लेट साधीच, जुन्या पद्धतीची, पण चांगल्या प्रतीची, म्हणजे हाफ क्लच जमेल. आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट ट्रकच्या स्प्रिंगची, म्हणजे घसरणार नाही. दोन्ही पाहिजे होतं ते दोन्ही मिळालं. दोष एकच, पेडल अतिशय कडक होतं. सम्राटनं दाबून बघितलं आणि खाली बसून पोटरी चोळली. म्हणाला, "दादा, तुमच्याच पायाची क्वालिटी तपासा आता."

प्लेटवर कारखान्याचा पांढऱ्या शाईचा नंबर आहे. मी त्याला हात लावून नमस्कार केला. सम्राटनं तोंड फिरवलं, त्याला बहुतेक भरून आलं असावं.

३० मार्च, पाडवा

डाव्या पायाचा व्यायाम सुरू आहे. भिंतीला पाठ लावून बसायचं आणि तांदळाचं पोतं पायानं हळूहळू लोटायचं, हळूहळू परत येऊ द्यायचं. परत येऊ देणं महत्त्वाचं. पुरणपोळीनंतर केलं तर पायात गोळा आला. आबा म्हणाले, "माझा उजवा गेला, तुझा डावा चाललाय. दोघं मिळून एक मानकरी व्हतोय."

आज मी त्यांच्या पायांना तेल लावलं. गुडघा सुजून नारळाएवढा झालाय. हे मला कोणालातरी सांगायचं होतं, म्हणून इथं लिहिलं.

८ एप्रिल

गावात काहीतरी शिजतंय. मी हे गुप्त ठेवलं आहे, तरी पिठाच्या गिरणीवर देवळातले पोपटराव गुरव म्हणाले, "सिरॅमिक टाकली न्हाई ते बरं केलंस." मी म्हटलं, कसलं सिरॅमिक? ते म्हणाले, "कसलं न्हाई," आणि पीठ चाळायला लागले. गुरवांना चाळणी चालवताना मी पहिल्यांदा बघितलं.

मग सोपानकाका भेटले. ज्यांना आमचा मान मिळायचाय ते सोपानकाका. मी सावध झालो. ते म्हणाले, "सुदर्शन, जीपचं वजन किती रं भरंल?" मी म्हटलं, का? ते म्हणाले, "आपलं सहज. रिकाम्या गाड्यापरीस जास्तच आसंल न्हवं?" मी आकडा सांगितला. त्यांनी उजवा खांदा दाबत लांब श्वास सोडला आणि म्हणाले, "बघू. धा-पाच जण जास्तीचं सांगतो." कशाला सांगणार आहेत ते कळलं नाही. साक्षीदार असावेत. गाडे थांबले की लगेच दावा करायला. भावकी ती भावकीच.

सगळ्यांना कसं कळलं ह्याचा विचार करतोय. माझा संशय सम्राटवर आहे. वही तर ज्वारीत सुरक्षित आहे.

१४ एप्रिल

गोठ्यामागे पाण्याची मोटर बघायला गेलो तर आत आबा आणि सुलक्षणा बोलत होते. ऐकायचं नव्हतं, पण ऐकू आलं. तसंच लिहितो.

सुलक्षणा म्हणाली, "मामा, त्यांना सांगून टाकू का? जीव टांगणीला लागलाय त्यांचा. आन् माझाबी."

आबा म्हणाले, "नगं. माझ्या बापानं मला सांगितलं न्हाई. पयल्या वर्सी चढाला मला राहवलं न्हाई, म्या मागं बघितलं."

"मग?"

"मग काय. त्या दिसापासनं गावात कुणाशी वाकडं बोलता आलं न्हाई. सोपान बांध कोरतो, तरी जीभ उचलत न्हाई. ज्यानं मागं बघितलं त्याला दोर लई जड हुतो, पोरी. त्याला हलकाच राहू दे थोडी वर्सं."

मी दबक्या पावलांनी परत आलो. आबांनी नियम मोडला होता. मला धक्का बसला. आणि नाथसाहेबांनी शिक्षा काय दिली, तर वाचा बांधली, दोर जड केला. म्हणजेच आबांचा टॉर्क मी मोजला त्याहून जास्त असणार, कारण जड दोरासकट ते ओढत आले. गणितात चूक राहिली. आता इंजिनात बदल करायला वेळ नाही. क्लचवरच विश्वास ठेवायचा.

२० एप्रिल

उद्या यात्रा. दुपारी जीप वेशीवर नेली, स्वतः चालवत नेली, क्लच लोण्यासारखा. सम्राट यवतहून मदतीला आला. चौकट बांधली, ताडपत्री चढवली, मागे अकरा गाडे जोडले. चाकांना दगड लावले. मग सुलक्षणा म्हणाली, तुम्ही घरी जाऊन पायाला शेक घ्या, उद्या पायाचंच काम आहे, इकडचं मी आणि सम्राटभाऊ बघतो. बायको असावी तर अशी.

दिवे लागायच्या वेळेला दोघं घरी आले. दोघांच्या मध्ये पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं. मी विचारलं, काय आहे? सुलक्षणा म्हणाली, "मांडवाचा खांब. जादाचा हुता." ते त्यांनी आबांच्या बाजेखाली सरकवलं. पोत्याला ग्रीस लागलेलं होतं. मांडवाच्या खांबाला ग्रीस कशाला लावतात मला माहीत नाही, पण यात्रेच्या गडबडीत प्रत्येक गोष्टीची चौकशी करू नये.

आबा जेवले नाहीत. मीही नाही.

२१ एप्रिल, यात्रा

सगळं क्रमानं लिहितो.

निशाण घेऊन यंदा मी पुढे का नाही, असं कोणीतरी विचारलं असतं. मी तापानं आजारी आहे असं जाहीर केलं आणि ताडपत्रीत शिरलो. माझ्या आजाराची कोणी चौकशीसुद्धा केली नाही. ताडपत्रीला पुढं एक भोक ठेवलं होतं. त्यातून फक्त आबांची पाठ दिसत होती, हळदीनं पिवळी, आणि त्यावर दोर.

हलगी सुरू झाली. भैरवनाथाच्या नावानं चांगभलं झालं. मी इंजिन सुरू केलं. काळा धूर निघाला असणार, कारण पोपटराव गुरव मोठ्यानं म्हणाले, "यंदा धूप जोरात हाय." मी पेडल दाबलं, पहिला गिअर टाकला आणि पाय केसाएवढा वर आणला.

गाडे हलले.

काय सांगू. धक्का नाही, हिसका नाही. आबांनी पाऊल टाकलं की गाडा पाऊलभर, आबा लंगडले की गाडाही क्षणभर थबकल्यासारखा. इंजिन जरासुद्धा दबलं नाही. बारा गाडे आणि निम्मं गाव मागे असताना ते रिकामं फिरावं तसं फिरत होतं. मी मोजलेला जोर, निवडलेली प्लेट, सगळं बरोबर ठरत होतं. मला रडू आलं.

चढाला माझ्या पायात गोळा आला. पोत्याच्या वेळेसारखाच. पाय पेडलवरून सटकला. पूर्ण सटकला. आता जीप उडी मारणार, समोर आबा, चाकाखालचं ते धोतर माझ्या डोळ्यांसमोर आलं. माझ्या तोंडून 'आबा' एवढंच निघालं.

आणि काहीच झालं नाही. गाडे त्याच चालीनं चालत राहिले. आबांनी पुढचं पाऊल टाकलं. ह्याला म्हणतात प्लेट.

तरी घाबरून मी उजवा पाय ब्रेकवर दाबला होता. गाडे अडखळले. हलगीसुद्धा थांबली. मागून अगदी जवळून, ताडपत्रीच्या पलीकडून, सोपानकाकांचा आवाज आला, "ब्रेक सोड की रं बाबा, खांदं निखळलं आमचं." त्यांच्या मागून आणखी कितीतरी जण कण्हत होते. इतक्या जवळ ते काय करत होते कोणास ठाऊक. मी ब्रेक सोडला. गाडे पुन्हा चालीला लागले, पहिल्यापेक्षा हलके.

आबांनी देवळाच्या पायरीला हात लावला तेव्हा ते उभे होते. स्वतःच्या पायांवर उभे होते. मान राहिला. भोकातून मला दिसलं, ते वळले आणि त्यांनी मागं बघत हात जोडले. आमच्याकडे, गाड्यांकडे, सगळीकडे. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटतं, तो नमस्कार जीपला होता.

सम्राटनं जीप तिथंच ठेवायला सांगितली, इंजिन निवू द्या म्हणाला, मी उद्या आणतो. जबाबदार माणूस.

२२ एप्रिल

गावात विचित्र साथ आली आहे. सकाळी दुकानात गेलो तर अंगाला चोळायचं मलम संपलेलं. ज्याला बघावं त्याचा उजवा खांदा सुजलेला. पोपटराव देवाला पाणी डाव्या हातानं घालत होते. सोपानकाकांना हात वर करता येईना, त्यांना शर्ट त्यांच्या सूनबाईंनी घातला. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "यंदा गाडं लई जड हुतं." मी म्हटलं, काका, आबांनी ओढले, तुम्हाला काय माहीत जड की हलके? मग त्यांना एवढं हसू आलं की खांदा धरून खाली बसावं लागलं.

मान गेला नाही ह्याचं दुःख माणूस असंही लपवतो. मला त्यांची दया आली. शेवटी मीच घरून हळद-तेल गरम करून नेलं आणि त्यांच्या खांद्याला चोळलं. बांधाचा विषय काढणार होतो, पण कण्हणाऱ्या माणसापुढं काय काढायचा.

२७ एप्रिल

जीपचा क्लच उघडायला यवतला गेलो. नियमच आहे, टेस्टनंतर माल तपासायचा. सुलक्षणाही आली, म्हणाली मला बघायचाय. आबाही आले.

सम्राटनं प्लेट काढून माझ्या हातात ठेवली. मी उन्हात धरली. पांढऱ्या शाईचा नंबर जसाच्या तसा. बारा गाडे, एवढा चढ, पाय सटकला तरी एक ओरखडा नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा माल मी बघितलेला नाही. मी सम्राटला म्हटलं, बघ, ह्याला निवड म्हणतात. सम्राटनं सुलक्षणाकडे बघितलं, सुलक्षणानं आबांकडे, आणि आबांनी रस्त्यानं जाणाऱ्या एसटीकडे. मी प्लेट पंच्यात गुंडाळली. ती देव्हाऱ्यात ठेवणार आहे.

जीप गॅरेजमध्येच ठेवली. येताना पुलावर आबांनी रिक्षा थांबवायला लावली. खाली भीमेचं पाणी होतं. त्यांनी पिशवीतून दोर काढला, यात्रेचा, हळदीनं माखलेला, आणि माझ्या खांद्यावर ठेवला. म्हणाले, "पुढल्या वर्सी तू. माझं झालं." दोर मला वाटला होता त्याहून पुष्कळ हलका आहे.

मग आबा म्हणाले, "चढाला मागं बघावं वाटंल. वाटलं तर बघ. लगीच नगं, पर कवातरी बघ." मी म्हटलं, आबा, मी नियम मोडणार नाही. ते म्हणाले, "बरं," आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर एक गोष्ट मनात आली आणि जेवण जाईना. पुढच्या वर्षी मी पुढे असेन, मग ताडपत्रीत जीप कोण चालवणार? एवढा हाफ क्लच गावात दुसऱ्या कोणाला जमणार? सुलक्षणाला बोलून दाखवलं. ती ताट वाढत होती. म्हणाली, "जीप कशाला लागतीय? मागं आम्ही सगळी हाय की."

तिचं मन मोठं आहे. पण नुसती माणसं मागे असून काय होतं, क्लच नको का?